मला माहीत नाही, म्हणाले मी

सरावली, बोईसर
११ नोव्हेंबर १९९७

प्रिय दिगूदादा,

तुझं दिवाळीचं कार्ड गावच्या घरी पोचलं, परवा गेले तेव्हा बघितलं. आईने ते देवापाशी ठेवलंय. नव्या गाडीला टेकून काढलेला तुझा फोटो तिने आळीतल्या चार घरांत फिरवून आणला. अण्णा बरे आहेत. वाडीतल्या विहिरीला यंदा पाणी भरपूर आहे, पण पानवेलींवर कसलासा रोग पडलाय, पानं काळी पडून गळतायत. कार्डाच्या तळाशी तू बारीक अक्षरात विचारलंयस, 'तिकडचं सगळं थंडावलं ना?' त्या एका ओळीचं उत्तर द्यायला मला इतकी पानं लागणार आहेत. निवांत असशील तेव्हाच वाचायला घे, पण एकदा घेतलंस की मध्ये ठेवून देऊ नकोस.

तू गेलास तेव्हा जसं होतं तसंच ऑफिस पुढेही चालू होतं. शेठच्या रंगाच्या कारखान्यामागचं तेच गोदाम, तेच सिमेंटचे तापलेले पत्रे, पाच कंप्यूटर आणि सात माणसं. बाहेर 'सॉफ्टवेअर' अशी पाटी, आत नागोराव. अठरा वर्षं कारखान्यात फोरमनकी केलेल्या माणसाला शेठने आमच्या डोक्यावर आणून बसवलं, कारण तो 'माणसं चालवतो'. कीबोर्ड म्हणजे काय हेही त्याला धड कळत नव्हतं. रोज कोणी किती ओळी लिहिल्या ते तो मोजायचा, आणि शंभराच्या खाली आलेल्याला संध्याकाळपर्यंत उभं करायचा. तू एका ओळीचं काम तीन ओळींत लिहायचास आणि आम्ही खाली मान घालून हसायचो. सुरुवातीला हसायचोच. मग त्याने मशीनच्या खोलीतून तो रबरी पट्ट्याचा तुकडा आणला, मोटारीला असतो तसला, हातभर लांब. आधी टेबलावर आपटायचा, मग खुर्च्यांच्या पाठीवर, मग आमच्या. जमुनाने एकदा गिऱ्हाइकाच्या याद्यांमध्ये चूक केली, तेव्हा त्याने तिचा हात ड्रॉवरमध्ये धरून ड्रॉवर गुडघ्याने लोटला. आठ दिवसांनी ती हाताला फडकं बांधून परत कामावर आली. आपण कोणीच काही बोललो नाही. तिच्या टेबलावर चहा नेऊन ठेवला, बस्स.

जिवल्याला या सगळ्यात तूच आणलंस हे तुला आठवत असेल. डोंगराकडच्या पाड्यावरचा, तिथला पहिलाच बी.एस्सी. झालेला मुलगा. कॉलेजात तुझ्या दोन वर्षं मागे होता. नागोराव त्याला नावाने हाक मारायचा नाही, 'ए पाडा' म्हणायचा. तू स्वतःच्या खुर्चीचा अर्धा भाग देऊन त्याला प्रोग्रॅम लिहायला शिकवलंस. माझ्या डब्यातल्या सुक्या बोंबलाच्या चटणीवर तुमचे दोघांचे हात एकदमच पडायचे. सहा महिन्यांत तो तुझ्याहून नीटनेटकं लिहायला लागला आणि हे तू स्वतःच मला सांगितलंस, जराही मत्सर न करता. तुझी ती गोष्ट मला फार आवडली होती. आज हे लिहिताना ती मी मुद्दाम आठवते आहे, कारण पुढचं लिहायला मला तू चांगला होतास हे धरून ठेवायला हवंय.

ऑगस्टातला तो बुधवार. शुक्रवारी वापीहून पाहुणे येणार होते, शेठच्या कारखान्यात आपला प्रोग्रॅम रिॲक्टर कसा चालवतो ते बघायला. रिॲक्टरच्या टाकीतलं तापमान साठाच्या वर गेलं की ॲसिडचा व्हॉल्व्ह आपोआप बंद व्हायचा, एवढीच तर त्यातली मोठी गोष्ट होती. पण तापमान सांगणारं यंत्र खराब. थंड रिॲक्टरलाही ते सत्तर दाखवायचं आणि व्हॉल्व्ह बंद पडायचा. तू नवीन यंत्र मागितलंस. नागोराव म्हणाला, "यंत्राला काही झालेलं नाही, तुझ्या डोक्याला झालंय." तू पुन्हा सांगायला गेलास तेव्हा त्याने तो पट्टा तुझ्या पाठीवर चार वेळा ओढला, सगळ्यांसमोर. तू खाली पडला नाहीस. फक्त टेबल घट्ट धरलंस. खोलीवर आल्यावर मी तुझा शर्ट सोडवला तेव्हा कापड कातडीला चिकटलेलं होतं. हळद लावताना तू म्हणालास, एकोणतीसला विमान आहे, तोवर काढायचे दिवस.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तुझ्या शेजारी बसून माझ्या नोंदी करत होते. नागोराव मागे उभा होता. जिवल्या समोरच्या टेबलावर होता, तिथून त्याला आपण तिघं दिसत होतो, पडदा नाही. तू साठ अंशांच्या त्या तीन ओळींपुढे खूण टाकलीस. अशी खूण टाकली की कंप्यूटर ती ओळ वाचतच नाही, हे मलाही तूच शिकवलेलं. नागोरावने विचारलं, "झालं का? आता थांबणार नाही ना?" तू म्हणालास, "नाही थांबणार. पण पाहुणे गेले की हे परत चालू करायला लागेल." तो म्हणाला, "बघू." शुक्रवारी सगळं बिनबोभाट पार पडलं, पेढे वाटले. शनिवार-रविवार तू सामान बांधण्यात होतास. सोमवारी जिवल्याला सगळं समजावून द्यायचं म्हणालास, आणि सोमवारी व्हिसाच्या कागदांसाठी मुंबईला गेलास. मग दोन दिवस दुकानं, कोट, नातेवाईक. मी तुला एकदा विचारलं होतं, त्या ओळींचं सांगितलंस का जिवल्याला? बॅगेवर गुडघा ठेवून तू चेन ओढत होतास. "हो हो," म्हणालास. मी पुढे विचारलं नाही. जेमतेम आठवड्यापूर्वीची तुझी पाठ माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि तू एकदाचा इथून सुटावंस एवढंच मला वाटत होतं.

बावीस सप्टेंबरला सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास वीज क्षणभर गेली आणि आली. आमचे कंप्यूटर बॅटरीवर होते, ते चालूच राहिले. कारखान्यातला थंड पाण्याचा पंप मात्र बंद पडला तो पडलाच. तापमान चढत गेलं, ॲसिड आत पडत राहिलं. तू फोनवर विचारलं होतंस, आवाज मोठा झाला का. दादा, आवाज मला आठवतच नाही. आमच्या छपराचे पत्रे वर उचलले जाऊन परत बसले तेवढं आठवतं. धावत बाहेर आलो तर रिॲक्टरवरच्या लोखंडी मचाणावरून एक माणूस उतरत होता. उतरत होता म्हणजे, एकेक पायरी नीट धरून, जसा रोज उतरत असेल तसा. अंगावर कपडे नव्हते. मला आधी वाटलं त्याने पिवळा सदरा घातलाय. खाली आल्यावर तो म्हणाला, "पानी द्या." कोणीतरी बादली ओतली आणि पाण्याबरोबर त्याच्या हातावरचं सगळं खाली आलं. तो गोमा. जिवल्याच्या शेजारच्या पाड्यावरचा. तो दुपारी दोनपर्यंत शुद्धीवर होता आणि बायकोचं नाव घेत होता, नवसी, नवसी. दोनला गेला. आणखी दोघं होरपळले, त्यांतल्या एकाचे दोन्ही डोळे गेले.

संध्याकाळी मी दुकानातल्या फोनवरून तुला हे सांगितलं. तुझ्याकडे तेव्हा सकाळ होती.  सगळं ऐकून तू म्हणालास, "मंदा, त्या तीन ओळी." मी म्हटलं, हो. तू म्हणालास, "तू काही बोलू नकोस. कोणी विचारलं तर माहीत नाही म्हण. चार दिवसांत थंड होईल." मग लगेच मलाच विचारलंस, "होईल ना?" मी 'बरं' म्हणाले आणि तुला धीर दिला. मी, दादा. तुला.

पुढचं मी तुला कधी सांगितलं नाही. 'जिवल्याला पोलिसांनी नेलं' एवढंच कळवलं. आज सगळं सांगते.

मंगळवारी सकाळी दहाला नागोरावने गोदामाचं शटर आतून ओढून घेतलं. त्याच्याबरोबर कारखान्यातले चार धट्टेकट्टे हमाल होते. आम्हा सगळ्यांना भिंतीशी उभं केलं आणि जिवल्याला मध्ये बसवलं. टेबलावर टाइप केलेला कागद होता. सुटी नाकारल्याच्या रागातून मी प्रोग्रॅममध्ये मुद्दाम बिघाड केला, असं त्यात लिहिलेलं. जिवल्याने तो पूर्ण वाचला, सावकाश, आणि म्हणाला, "मी नाय केला." पहिला फटका तोंडावर बसला. मग त्याला खुर्चीसकट पाडला. चौघं लाथा घालत होते. नागोराव मोजत होता की काय कोण जाणे, ओठ हलत होते त्याचे. जिवल्या दोन्ही हातांनी डोकं झाकून ओरडत होता, "ओळी बंद हायेत, मी काल पायल्या, ओळी आधीपासनं बंद हायेत!" म्हणजे स्फोटानंतर सगळे पळत असताना तो परत आत जाऊन प्रोग्रॅम वाचून आला होता. नागोरावने हमालांना थांबवलं. "कोणी बंद केल्या?" जिवल्या उठून बसला. नाकातून रक्ताची तार लोंबत होती. तो म्हणाला, "दिगंबरसरांनी. तुमी मागं उभे होतात तवा. मंदाताईंना विचारा, त्या बाजूला बसलेल्या."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नागोराव माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याला उत्तर ठाऊकच होतं, त्या दिवशी तोच तर पाठीशी होता. तरी त्याने अगदी हळू, जवळजवळ मायेने विचारलं, "बाई, तुमच्या भावाने असं काही केलं होतं का?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

जिवल्या नुसता बघत राहिला माझ्याकडे. मग नागोरावने दोघांना त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरायला सांगितलं आणि प्रिंटरच्या शेजारचा तो लोखंडी पंच उचलला, कागदांना भोकं पाडायचा, जड. पहिल्या बोटाला जिवल्या ओरडला. दुसऱ्याला ओरडला. तिसऱ्याला त्याच्या तोंडून आवाजच आला नाही, नुसतं तोंड उघडलं. जमुना भिंतीला घसरून खाली बसली होती. माझ्या घशात तुझं नाव आलं होतं, दादा, अगदी दातांपर्यंत. एकदा उच्चारलं असतं तरी तो पंच थांबला असता की नाही मला ठाऊक नाही. पण मी उच्चारलं नाही. नागोराव म्हणाला, "डाव्या हाताने कर सही." जिवल्याने डाव्या हाताने केली. त्याच दुपारी पाचही कंप्यूटर पुसून कोरे करण्यात आले.

तेवढ्यावर संपलं असतं तरी एक वेळ. पोलिसांच्या हवाली करायला म्हणून त्याला जीपकडे नेला तेव्हा कारखान्याच्या फाटकापाशी गोमाची माणसं जमलेली होती, दीडदोनशे तरी. कागदाची बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचवलेली होती. फाटक उघडायचं कारण नव्हतं. नागोरावने उघडायला लावलं. लोकांनी जिवल्याला जीपमधून ओढून काढला. त्याचेच लोक, त्याच्याच बोलीत त्याला शिव्या देत होते. नवसी सगळ्यात पुढे होती. तिच्या हातात रस्त्याकडेची खडी होती, मुठीएवढी. ती एकच वाक्य पुन्हापुन्हा म्हणत होती, "माजा नवरा तुला भाऊ म्हनत होता रं." पहिला दगड कपाळावर लागला, दुसरा डाव्या डोळ्यात. मी गोदामाच्या दारातून हे बघत होते. पोलीस आले आणि त्यांनी त्याला लोकांतून सोडवून दवाखान्यात नेला म्हणून तो जगला. डोळा गेला तो गेलाच. पाड्यावर त्याच्या बापाची झोपडी जाळली. म्हातारा आता मनोरच्या बाजूला कोणाच्या तरी गोठ्यात राहतो.

मी दुसऱ्या दिवशी कामावर गेले, आणि तिसऱ्या दिवशीही. नागोराव मला आता 'मंदाताई' म्हणायला लागला होता, चहा आधी माझ्याकडे पाठवायचा. तो चहा मी महिनाभर प्यायले. दिवाळीच्या आधी एक दिवस तो तसाच ठेवला आणि सुटी टाकून दवाखान्यात गेले. जिवल्या कोपऱ्यातल्या खाटेवर होता, दाराशी शिपाई. हाताला प्लास्टर, अर्ध्या तोंडाला पट्टी. मी मोसंबी नेली होती. त्याने त्यांच्याकडे बघितलंही नाही. म्हणाला, "तुला म्हाईत होता?" यापूर्वी तो मला नेहमी अहोजाहो करायचा. मी म्हणाले, "हो." तो म्हणाला, "मंग आता कोनाला सांगतेस? मला? मला तर म्हाईतच हाय." आणि त्याने तोंड भिंतीकडे केलं.   मी उठले तेव्हा भिंतीकडे बघतच म्हणाला, "सरांना बी सांग. मी त्यांच्या नावाला सर लावून मार खाल्ला."

तिथून मी सरळ नागोरावकडे गेले आणि सांगितलं की मी नोकरी सोडतेय आणि जे पाहिलं ते सांगणार आहे. त्याला सांगायला नको होतं, हे आता कळतं. पण मला त्याच्या तोंडावर म्हणायचं होतं. तो हसला. भाऊबीज झाल्यावर चौथ्या दिवशी, मी तांदूळ निवडत बसले होते, भर दुपारी तो इथे खोलीवर आला. दार लोटून आत आला, माझे केस धरले आणि डोकं चौकटीवर आपटलं. दोनदा. तिसऱ्यांदा आपटताना म्हणाला, "भाऊ तिकडे आहे, तू इथे आहेस, एवढं समजून घे." मग तो पट्टा काढला. मी ओरडत होते की नाही ते मला आठवत नाही, पण शेजारच्या चंद्रकांताबाई मुसळ घेऊन आल्या. त्यांनी ते थेट त्याच्या मनगटावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला आणि खरं सांगते, मला इतकं बरं वाटलं की मी उठले आणि खाली पडलेला पट्टा उचलून त्याला मारत सुटले. तोंडावर, मानेवर, जिथे लागेल तिथे. तो जिन्यावरून घसरत खाली गेला तरी मी मारत होते. चाळीतल्या बायकांनी मला धरलं नसतं तर मी थांबले नसते. हे सगळं आईला माहीत नाही. कपाळावर सात टाके आहेत, तिला सांगितलंय, मोरीत घसरले.

अण्णांना मात्र सांगितलं, रविवारी वाडीत जाऊन. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पाटाचं पाणी फिरवत होते, फावडं हातातच होतं. म्हणाले, "त्याचं आयुष्य जाईल गं." मी म्हटलं, "जिवल्याचं गेलंय, गोमाचं गेलंय." ते म्हणाले, "ते आपले नव्हंत." मग स्वतःच्याच बोलण्याने दचकल्यासारखे झाले आणि पाटातच खाली बसले. मी निघाले तेव्हा त्यांनी येण्याजाण्याला म्हणून खिशात होतं ते काढून माझ्या हातात दिलं. 'जा' असं काही म्हणाले नाहीत, आणि 'नको'ही म्हणाले नाहीत.

आज सकाळी मी पालघरच्या कोर्टात गेले होते. आदिवासी संघटनेच्या एक वकीलबाई जिवल्याचं काम बघतात, त्यांनीच नेलं. बाहेरच्या बाकावर नवसी बसली होती, मांडीवर मूल घेऊन. तिला कोणीतरी काहीतरी सांगितलं असावं, कारण ती माझ्याकडे टक लावून बघत होती आणि मी मान वर करू शकले नाही. जबाब न्यायाधीशांपुढे झाला, दोन तास लागले. तो बुधवार सांगितला, तुझी पाठ सांगितली, गुरुवारच्या तीन ओळी, मागे उभा असलेला नागोराव, आपला फोन, त्यावर तू काय सांगितलंस आणि मी काय कबूल केलं ते. मंगळवारी भिंतीशी उभी राहून मी काय म्हणाले, तेही सांगितलं, आणि तेवढं सांगताना मात्र मला पाणी मागावं लागलं. दादा, तुझं नाव मी दिलंय. तुला समन्स येईल, कदाचित तुझ्या कंपनीतही विचारणा होईल. ते एखाद्या परक्या माणसाच्या पाकिटातून तुझ्या हातात पडण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून हे पत्र. जिवल्याच्या जामिनाची तारीख पाच डिसेंबर आहे. तू स्वतः येशील, तिथून लिहून देशील, की काहीच करणार नाहीस, ते तू ठरव. मी तुझ्यासाठी काहीही लपवणार नाही आता, आणि तुझ्याविरुद्ध एक अक्षरही वाढवून सांगितलेलं नाही. जबाब संपल्यावर कारकुनाने तो मला वाचून दाखवला. शेवटची एक जागा त्याने मोकळी सोडली होती. पेन वर धरून त्याने विचारलं, "दिगंबर राऊत तुमचे कोण?" मी म्हणाले, "सख्खा थोरला भाऊ." त्याने मान वर करून एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मग लिहून घेतलं.

तुझीच,
मंदा